ओढण्याचे वजन, थांबवण्याचे वजन

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागते. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू, कुंडलचा क्रांती अशा कारखान्यांकडे जाणाऱ्या या वाहतुकीत एका हेडमागे, म्हणजे ट्रॅक्टरमागे, दोन ट्रॉल्या हे नेहमीचे दृश्य आहे. ४५ ते ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन साधारण २.२ टन भरते. त्याच्या मागे दोन रिकाम्या ट्रॉल्यांचे चार टन आणि उसाचे पंधरा ते अठरा टन धरले, तर एकूण वजन २२ ते २४ टनांवर जाते. म्हणजे ओढणारे वाहन ओढल्या जाणाऱ्या वजनाच्या एक दशांशच असते. एवढे वजन सुरक्षितपणे नेता येते का, याचे उत्तर बहुतेक वेळा इंजिनाच्या अश्वशक्तीत शोधले जाते. प्रत्यक्षात अश्वशक्ती ही या हिशोबातली सर्वांत सोपी बाजू आहे.

सपाट डांबरी रस्त्यावर रबरी चाकांना होणारा विरोध वजनाच्या सुमारे दोन टक्के असतो. २४ टनांना तो ४८० किलो भरतो, म्हणजे तेवढ्या वजनाइतका जोर सतत लावत राहिले की गाडी चालू राहते. ताशी १५ किलोमीटर वेगाने एवढा जोर लावायला २७ अश्वशक्ती पुरते. ५० अश्वशक्तीच्या इंजिनाला हे सहज जमते, आणि कृष्णाकाठच्या सपाटीवर दोन ट्रॉल्या विनातक्रार चालतात त्या यामुळेच. चढ लागला की चित्र बदलते. ५ टक्के चढ म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना पाच मीटर वर जाणे. पुलाच्या पोचरस्त्यांना किंवा घाटाच्या सुरुवातीला असा चढ वारंवार भेटतो. तिथे दोन टक्क्यांत आणखी पाच टक्के मिळतात आणि लागणारा जोर १,६८० किलोंवर जातो. खालच्या गिअरमध्ये इंजिन तोही देऊ शकते. अडते ते चाकांपाशी.

ट्रॅक्टर ओढतो तो मागच्या मोठ्या चाकांच्या पकडीवर, आणि पकड ठरते त्या चाकांवर पडणाऱ्या भारावर. २.२ टनांपैकी सुमारे १,४०० किलो मागच्या चाकांवर असतात. ट्रॅक्टर ओढू लागला की आणखी दोनेकशे किलो पुढून मागे सरकतात. कोरड्या डांबरावर या भाराच्या सुमारे सत्तर टक्के जोर जमिनीला देता येतो, म्हणजे साधारण १,१०० किलो. त्यापुढे चाक जागच्या जागी फिरते आणि रबर जळते. १,६८० किलोंची गरज आणि १,१०० किलोंची पकड यांत ताळमेळ बसत नाही. ट्रॉली एकच असेल तर एकूण वजन १३ टनांच्या आसपास राहते, त्याच चढाला ९२० किलो जोर पुरतो आणि ट्रॅक्टर चढून जातो. चढाच्या पायथ्याशी एक ट्रॉली सोडून दोन फेऱ्या करणारा चालक वेळ वाया घालवत नाही. तो हा हिशोब बरोबर करत असतो.

फडात परिस्थिती आणखी अवघड असते. ओल्या काळ्या मातीत चाकांचा विरोध दोन टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर आणि त्याच्याही पुढे जातो, तर पकड निम्म्यावर येते. म्हणून फडातून ट्रॉली एकेक करून बाहेर काढतात, आणि ती रुतली की दुसऱ्या ट्रॅक्टरचे टोचन लावतात. पकड वाढवण्यासाठी मागच्या टायरांत तीन चतुर्थांशापर्यंत पाणी भरले जाते, चाकांना बिडाच्या चकत्या बसवल्या जातात. दोन टायरांतल्या पाण्याचेच सुमारे तीनशे किलो होतात, आणि त्यांनी ओढ दोनशे किलोंनी वाढते. मात्र पाण्याने भरलेल्या चाकांमुळे ट्रॅक्टर जास्त ओढू लागला, तरी त्याचे ब्रेक तेच राहतात.

जोडणी किती उंचीवर आहे, हा बारकावा जिवावर बेतणारा आहे. मागचा जोर जमिनीपासून अर्ध्या मीटरवर लागत असेल आणि पुढच्या-मागच्या चाकांत दोन मीटर अंतर असेल, तर ९०० किलोंच्या ओढीने पुढच्या चाकांवरचा २२५ किलो भार कमी होतो. साखळी किंवा टोचन त्याच्या दुप्पट उंचीवर बांधले तर हाच आकडा ४५० होतो. पुढच्या चाकांवर एकूण भार ८०० किलोच असतो. रुतलेली ट्रॉली काढताना क्लच झटक्यात सोडला, तर ओढ क्षणभर कितीतरी वाढते, पुढची चाके जमीन सोडतात आणि ट्रॅक्टर मागच्या आसाभोवती चालकाच्या अंगावर उलटतो. हे घडायला एक-दोन सेकंद लागतात, उडी मारायला वेळ मिळत नाही. टोचन नेहमी ड्रॉबारलाच, म्हणजे मागच्या आसाच्या खाली, का लावायचे याचे कारण हे आहे.

दोन चाकी आणि चार चाकी ट्रॉलीत मोठा फरक आहे. चार चाकी ट्रॉलीचा पुढचा आस फिरत्या चकतीवर बसवलेला असतो. ती आपला भार स्वतः पेलते आणि हेडला फक्त ओढायला लावते. दोन चाकी ट्रॉली मात्र भाराचा काही हिस्सा हुकवर टेकवते. कारखान्यावर ऊस नेणाऱ्या टायरगाडीच्या गाडीवानाला हे तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मोळ्या पुढे जास्त रचल्या तर जुवाचा भार बैलांच्या मानेवर येतो, मागे जास्त रचल्या तर गाडी उलळते आणि बैलांचे गळे आवळले जातात. म्हणून तो भार आसाच्या किंचित पुढे ठेवतो. मोटारीमागे ओढल्या जाणाऱ्या दोन चाकी गाड्यांसाठी अमेरिकेत हाच नियम आकड्यांत सांगितला जातो: एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकवर हवा. युरोपातल्या कॅरॅव्हॅनसाठी तो ५ ते ७ टक्के धरतात. भार यापेक्षा कमी झाला तर मागची गाडी वेगात शेपटासारखी डावी-उजवीकडे हेलकावू लागते आणि हेलकावा वाढत जाऊन पुढच्या गाडीलाही फिरवतो. जास्त झाला तर पुढच्या गाडीची पुढची चाके हलकी पडून स्टिअरिंग ऐकत नाही.

ओढण्याच्या सगळ्या मर्यादा ट्रॅक्टर स्वतःच दाखवून देतो: चाक घसरते, इंजिन गुदमरते, नाक वर येते. उताराची मर्यादा तो आधी दाखवत नाही, म्हणून ती अधिक धोक्याची.

या दोन जिल्ह्यांत उताराचा प्रश्न अलीकडच्या काळात वाढला, त्याला कारण पाणी. खोडशीच्या बंधाऱ्यातून निघणाऱ्या जुन्या कृष्णा कालव्याने नदीकाठच्या सखल पट्ट्याला पाणी दिले. ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांनी मात्र कृष्णेचे पाणी कडेगाव, खानापूर, तासगाव, कवठेमहांकाळ, जत या उंचावरच्या दुष्काळी तालुक्यांत नेले. पाणी वर चढले, तिथे ऊस उभा राहिला, आणि वरचा बराच ऊस आता भरल्या ट्रॉल्यांतून खाली नदीकाठच्या कारखान्यांकडे उतरतो.

बहुसंख्य ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात, आणि अनेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. ब्रेक दाबला की मागून ट्रॉल्या ढकलतात, मागच्या चाकांवरचा भार पुढे सरकतो आणि थांबवणारा जोर ८०० किलोंच्या आसपास राहतो. एकटा ट्रॅक्टर ताशी २५ किलोमीटर वेगावरून सहा-सात मीटरांत थांबतो. दोन ट्रॉल्यांसह एकूण २४ टन असताना, क्लच दाबलेला असेल तर, सपाट रस्त्यावर तोच ४५ मीटर घेतो. ३ टक्के उतारावर हे अंतर शंभर मीटरांपुढे जाते. ५ टक्के उतारावर ब्रेकचा सगळा जोर उताराची ओढ मोडण्यातच खर्च होतो, आणि हिशोबाने गाडी थांबायला जवळपास पाऊण किलोमीटर लागतो. तोवर वळण, एसटी किंवा ओढ्यावरचा अरुंद पूल आलेला असतो. चालकाला धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंतचा एक सेकंद, म्हणजे सात मीटर, यात धरलेलेच नाहीत.

उष्णतेचाही हिशोब आहे. २४ टन वजन शंभर मीटर खाली उतरते तेव्हा सोडली जाणारी ऊर्जा सुमारे ७५ लिटर पाणी साध्या तापमानावरून उकळीला नेण्याइतकी असते. ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या छोट्याशा पट्ट्यांत ओतली तर त्या तापून निकामी होतात. इंजिन गिअरमध्ये असेल तर ते त्यातला मोठा वाटा गिळते, म्हणून ज्या गिअरमध्ये तो चढ चढता आला असता, त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करणे म्हणजे आपला सर्वांत भरवशाचा ब्रेक काढून ठेवणे आहे. गाडीने एकदा वेग घेतला की गिअर परत पडत नाही. कराड आणि खटाव तालुक्यांना जोडणाऱ्या शामगाव घाटासारख्या उतारांवर तर याला माफी नाही.

मागून ढकलणारी ट्रॉली वळणावर हेडला आडवी करते. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांसाठी दोन स्वतंत्र ब्रेक-पेडल असतात. शेतात झटक्यात वळायला ती उपयोगी. रस्त्यावर दोन्ही पेडल खिटीने जोडलेली नसतील आणि पाय एकावरच पडला, तर ट्रॉल्यांचा सगळा धक्का हेडला त्या बाजूला फिरवतो. चार चाकी ट्रॉलीची पुढची चकती तिरकी झाली की तिचा टेकू अरुंद होतो. त्यामुळे उंच रचलेल्या मोळ्यांची ट्रॉली मोकळ्या रस्त्यापेक्षा कारखान्याच्या फाटकाशी संथ, काटकोनी वळण घेतानाच पलटी होण्याचा धोका अधिक.

यावरचा खरा उपाय ट्रॉलीच्या चाकांत आहे. युरोपात ७५० किलोंपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. साडेतीन टनांपर्यंत साधी यांत्रिक युक्ती चालते: पुढची गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो, हुकपाशी दांडा आत सरकतो आणि तोच दांडा ट्रेलरचे ब्रेक ओढतो. त्याहून जड ट्रेलरना हवेच्या दाबाचे किंवा हायड्रॉलिक ब्रेक लागतात. ट्रॉलीच्या चाकांनी आपापल्या भाराच्या प्रमाणात ब्रेक घेतले, तर वरच्या हिशोबातले ४५ मीटर आठ-दहा मीटरांवर येऊ शकतात. नांगराच्या फाळापासून पंपांपर्यंत लोखंडाची कामे करणारी किर्लोस्करवाडी ज्या जिल्ह्यात १९१० साली उभी राहिली, तिथल्या कारागिरांना हे काम परके नाही.

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, आणि मोटारीमागे घडीचा पॉप-अप कॅम्पर जोडून पाचगणी-कासकडे जाण्याची कल्पनाही आता नवी नाही. तिथे वजने लहान असली तरी नियम हेच. ब्रिटनमध्ये नवख्या चालकांना कॅरॅव्हॅनचे भरलेले वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांत ठेवायला सांगतात. १,२०० किलोंच्या मोटारीला ते १,०२० किलो होते. पलंग, पाण्याची टाकी, गॅस आणि सामान धरून कॅम्पर तेवढ्यात बसला, तरी ७५० किलोंपुढे त्याला स्वतःचे ब्रेक हवेतच, कारण पाचगणीहून वाईला येताना पसरणी घाटात जवळपास सहाशे मीटर खाली उतरायचे असते. मोटार उत्पादकाने ओढण्याची मर्यादा पुस्तिकेत दिली नसेल, तर ती मोटार ओढण्यासाठी बनवलेली नाही असे समजावे.

ऊसवाहतुकीत वजनाचा अंदाज बांधण्याची गरजही नाही. कारखान्याच्या काट्यावर भरलेली आणि रिकामी गाडी दोनदा तोलली जाते आणि चालकाच्या हातात पावती पडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार मर्यादेपेक्षा जास्त वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. त्या पावतीवरचे वजन ट्रॉलीच्या नोंदणी-पुस्तकातल्या वजनाशी ताडून पाहिले, दोन्ही पेडलांची खिटी आणि हुकाची पिन तपासली, ट्रॉलीला सुटल्यास अडवणारी साखळी लावली आणि उताराच्या वाटेवर एकच ट्रॉली नेली, तर ट्रॅक्टर न बदलताही धोक्याचा बराच मोठा भाग कमी होतो. उरलेल्यासाठी ट्रॉलीला ब्रेक बसवावे लागतात, आणि त्याचा खर्च दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या मालकाबरोबर ऊस घेणाऱ्या कारखान्यानेही उचलणे न्याय्य आहे.