प्रोस्टेटचा पसरलेला कर्करोग आणि मनावरचा भार



उतारवयातील पुरुषांना जे कर्करोग होतात त्यांत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग हा एक नेहमी आढळणारा रोग आहे. ही ग्रंथी फक्त पुरुषांना असते. मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती तिची जागा असून आकार साधारण अक्रोडाएवढा असतो. 'म्हातारपणी लघवीचा त्रास व्हायचाच' असे म्हणून आपला माणूस दुखणे अंगावर काढतो आणि पाठ-कंबर धरल्यावर दवाखाना गाठतो. तोवर पुष्कळदा रोग हाडांत पोचलेला असतो. शरीरावरचे उपचार डॉक्टर करतात. पण या रोग्याच्या मनावर जो भार पडतो त्याविषयी घरचे विचारीत नाहीत आणि तो स्वतःही बोलत नाही. म्हणून आज त्याविषयी थोडी माहिती देत आहोत.

रोग पसरला म्हणजे काय?

शेतातली हरळी आपण जाणतो. एकदा ती बांधापासून आत शिरली की मुळासकट सगळी निघणे कठीण. पण सतत लक्ष ठेवले तर ती दाबून ठेवता येते आणि पीकही घेता येते. पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगाचे असेच आहे. तो बहुधा समूळ जात नाही, परंतु आवरून धरता येतो. या रोगाच्या पेशी पुरुषी हार्मोनवर पोसतात. तो हार्मोन कमी केला की रोग मागे हटतो, हे चार्ल्स हगिन्स या शल्यवैद्याने १९४१ साली दाखवून दिले. त्याबद्दल त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आजही उपचाराचा पाया तोच आहे. शस्त्रक्रियेने अंडकोषांतील हार्मोन करणारा भाग काढतात किंवा ठराविक महिन्यांनी इंजेक्शन देतात. पुढे हा उपाय पुरेनासा झाला तर आणखी औषधे आहेत. या उपचारांवर कित्येक रुग्ण अनेक वर्षे काढतात. 'पसरला' हा शब्द ऐकताच सारे संपले असे समजू नये.

सगळीच उदासी मनाची नसते

हार्मोन कमी झाला की काही त्रास होतात. एकाएकी अंगातून वाफ निघाल्यासारखे होऊन घाम फुटतो. बायकांना पाळी जाताना होते तसेच हे आहे. थकवा येतो, झोप मोडते, चिडचिड होते, डोळ्यांत उगाच पाणी येते. पतिपत्नी संबंधाची इच्छा व शक्ती कमी होते. 'मी पूर्वीचा पुरुष राहिलो नाही' असे वाटून माणूस मनातल्या मनात कुढतो आणि पत्नीपासून दूर राहू लागतो. पत्नीला वाटते, आपलेच काही चुकले. हा औषधाचा परिणाम आहे, हे दोघांनाही सांगितले पाहिजे. डॉक्टरांशी हा विषय काढण्यात लाजण्यासारखे काही नाही. जवळ बसणे, हात हातात घेणे, दोन शब्द बोलणे याला कोणतेही औषध आड येत नाही.

आणखी एक गैरसमज म्हणजे काळजी केल्याने किंवा पापाची शिक्षा म्हणून हा रोग झाला असे मानणे. तसे काही नाही. हा रोग संसर्गजन्यही नाही. रुग्णाचे ताट-पेला वेगळे काढून त्याचे मन दुखवू नये.

रोज करावयाच्या गोष्टी

१. चालणे. डॉक्टरांना विचारून सकाळी वीस-तीस मिनिटे बांधावरून चालावे. थकव्यावर पडून राहण्यापेक्षा बेताचा व्यायाम अधिक गुण देतो. हाडांत रोग असेल तर पोती उचलणे, झाडावर चढणे ही कामे मात्र बंद ठेवावीत.

२. काम वाटून घेणे. आयुष्यभर शेतात राबलेल्या माणसाला खाटेवर बसवून ठेवले की तो रोगापेक्षा रिकामपणाने अधिक खचतो. बियाणे निवडणे, पाण्याच्या पाळ्या ठरविणे, गडीमाणसांचा हिशेब ठेवणे, मुलांना कलम बांधायला शिकविणे, ही कामे त्याच्याकडेच राहू द्यावीत. त्याच्या सल्ल्यावाचून बैल विकू नये किंवा पीक बदलू नये.

३. श्वासाचा व्यायाम. पाठ टेकून बसावे. नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. पाच मिनिटे असे केल्याने छातीतली धडधड कमी होते. नंतर पायाच्या बोटांपासून खांद्यापर्यंत एकेक स्नायू क्षणभर आवळून सैल सोडावा. जो भाग दुखतो तो सोडून द्यावा.

४. झोप. संध्याकाळनंतर पाणी व चहा कमी घ्यावा म्हणजे रात्री लघवीला कमी उठावे लागते. अंगावर सुती, सैल कपडे असावेत.

५. दारूपासून दूर राहणे. 'दोन घोट घेतले की विसर पडतो' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. दारूने झोप बिघडते, घाम व वाफा वाढतात, आणि दुखण्याच्या औषधांबरोबर ती धोक्याची ठरते.

तपासणीचे दिवस

दर काही महिन्यांनी रक्ताची पीएसए नावाची तपासणी करतात. तिच्या आधीचे आठ दिवस घरात कोणाला अन्न गोड लागत नाही. लक्षात ठेवावे की एका आकड्यावर निर्णय होत नाही. आकडा कोणत्या दिशेने जातो, त्रास किती आहे आणि हाडांच्या तपासण्या काय सांगतात, हे डॉक्टर एकत्र पाहतात. मनातले प्रश्न वहीत लिहून न्यावेत आणि बरोबर घरचे एक माणूस असावे. घाबरलेल्या मनाला सांगितलेले अर्धे आठवत नाही.

वेदना सहन करीत बसू नये

दुखण्याने झोप जाते, आणि झोप गेली की मन ढासळते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी पायरीपायरीने औषधे देण्याची पद्धत जाहीर केली. तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी ते घेतल्याने माणूस सहसा व्यसनी होत नाही. बद्धकोष्ठ मात्र होते. त्यासाठी औषध मागून घ्यावे. अशा रुग्णांच्या शुश्रूषेसाठी १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे शांती अवेदना सदन सुरू झाले. गोव्यात लोटली येथेही त्यांचे सदन आहे.

पाठीत एकाएकी जोराचे दुखू लागले, पायांतली शक्ती गेली, बधिरपणा आला किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूवर दाब आल्याची ही लक्षणे असू शकतात. उशीर झाल्यास पाय कायमचे जाऊ शकतात.

पैशाची चिंता

औषधापायी जमीन गहाण टाकावी लागेल ही भीती कर्करोगाइतकीच पोखरते. हार्मोन कमी करण्याच्या कामी एकदाच होणारी शस्त्रक्रिया आणि वरचेवर घ्यावे लागणारे इंजेक्शन यांचा गुण सारखाच आहे. खर्चात मात्र मोठा फरक पडतो. निर्णय रुग्णाचा असावा, पण हा प्रश्न डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावा. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, तिचा लाभ आहे. कोणत्या रुग्णालयात ती चालते हे आधी विचारून घ्यावे. शेताचे उतारे, सोसायटीचे कर्ज, मृत्युपत्र यांची कागदपत्रे एकदा नीट लावून ठेवली की पुष्कळांना रात्री झोप लागते.

मन फारच खचले तर

दोन आठवडे सतत उदासी, जेवणखाण नको, कशातच गोडी नाही, 'मी घरावर ओझे झालो' असे बोलणे, ही लक्षणे दिसली तर तो स्वभाव समजू नये. तो उपचाराने सुधारणारा आजार आहे. शेतकऱ्याच्या घरात फवारणीचे औषध हाताशी असते. अशा वेळी ते कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. 'जीव द्यावा असे वाटते का?' हे रुग्णाला सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार त्याच्या मनात शिरत नाही, उलट त्याला बोलायला वाट मिळते. होय म्हणाला तर त्याला एकटे सोडू नये. १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून रात्रंदिवस फुकट चालते; प्रादेशिक भाषांतही बोलता येते.

घरच्यांनी व शेजाऱ्यांनी काय करावे?

रोगाचे नाव लपविण्याची आपल्याकडे रीत आहे. रुग्णाला बहुधा सगळे उमगलेले असते; घरचे गप्प बसल्याने तो एकटा पडतो. त्याला जेवढे जाणून घ्यायचे असेल तेवढे खरे सांगावे. फादर घरी आले की शेवटची घटका आली असे समजून कित्येक घरी त्यांना बोलावीत नाहीत. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी रुग्णाभ्यंगाचा नवा विधी दिला. तो केवळ मरणासन्नांसाठी नसून गंभीर आजारी असलेल्या प्रत्येकासाठी आहे, आणि आजार बळावल्यास पुन्हा घेता येतो.

सेवा करणारी पत्नी व सून यांनाही विसावा हवा. एखाद्या दिवशी कोणी त्यांच्या रोपलावणीला दोन माणसे धाडली, कोणी रुग्णाला तपासणीला घेऊन गेले, कोणी संध्याकाळी त्याच्याशेजारी बसून पावसापाण्याच्या गोष्टी केल्या, तरी त्या घरचा भार हलका होतो. आपल्या वाड्यात असा रुग्ण असेल तर या आठवड्यात एकदा त्याच्याकडे जाऊन या.