घरे मोजणार की माणसे?

कराडचा कोल्हापूर नाका मागे पडला की महामार्गालगत मलकापूर सुरू होते. कराड कुठे संपले आणि मलकापूर कुठे लागले, हे परगावच्या माणसाला कळत नाही. एका बाजूला कृष्णा रुग्णालय आणि त्याची महाविद्यालये, दुसरीकडे आगाशिवाच्या डोंगराकडे सरकत गेलेल्या वसाहती. ज्या डोंगरात आपल्या पूर्वजांनी भिक्खूसंघासाठी लेणी कोरली, त्याच डोंगराखाली आज गुंठ्याच्या भावाची चर्चा चालते.

२००८ साली मलकापूरची ग्रामपंचायत गेली, नगरपंचायत आली आणि पुढे नगरपरिषद झाली. ग्रामपंचायतीच्या काळातच हाती घेतलेल्या चोवीस तास मीटरने पाणी देणाऱ्या योजनेमुळे या लहान गावाचे नाव देशभर गेले. मोठमोठ्या महापालिकांना जे जमले नाही, ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या साथीने मलकापूरने करून दाखवले. त्याचे कौतुक झालेच पाहिजे. पण गावाचे नगर होताना काय मिळाले याचा हिशेब सगळेच सांगतात, काय गेले याचा हिशेब कुणी मांडत नाही. तो आज मांडायचा आहे.

गेली ती ग्रामसभा.

ग्रामपंचायतीत गावातला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो. ७३ व्या घटनादुरुस्तीने, कलम २४३-अ अन्वये, ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. तिथे बसायला सातबारा लागत नाही, घराचा उतारा लागत नाही. भूमिहीन मजूर, परित्यक्ता बाई, दुसऱ्याच्या खोलीत भाड्याने राहणारा हमाल, कुणीही उभे राहून सरपंचाला जाब विचारू शकतो. प्रत्यक्षात ग्रामसभा कशा होतात, कोरम कागदावर कसा भरतो, आमच्या माणसाने तोंड उघडले की काय होते, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. तरीही हक्क होता, आणि हक्क असला की कधीतरी तो वापरणारा माणूस उभा राहतो.

नगर झाले की हा हक्क संपतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने कलम २४३-एस अन्वये प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या, पण त्या तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत. मलकापूरसारखी नगरे त्या आकड्याच्या कितीतरी खाली आहेत. २००९ साली महाराष्ट्राने शहरी कायद्यात ‘क्षेत्र सभे’ची तरतूद आणली, पण अशी सभा आपल्या गल्लीत भरलेली आपल्यापैकी कितीजणांनी पाहिली? म्हणजे पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई लावायची आणि मग गप्प बसायचे. ती शाईसुद्धा वेळेवर मिळेल याची खात्री नाही. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांच्या निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या आणि डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. मधल्या काळात प्रशासकाचा कारभार होता. ना ग्रामसभा, ना नगरसेवक!

मग नगरपरिषदेशी बोलणार कोण? जो संघटित आहे तो. आणि अशा नव्या नगरांत सर्वांत आधी संघटित होतो तो मालमत्ताधारक. कारणही उघड आहे. नगरपरिषदेत कर आकारणीची यादी ठरावीक वर्षांनी सुधारली जाते. मोजमाप होते, नोटिसा येतात, हरकतीसाठी मुदत असते, सुनावणी होते. बिलात वृक्ष कर, शिक्षण कर असे नवे रकाने दिसू लागतात. कालपर्यंत ग्रामपंचायतीची घरपट्टी भरणारा माणूस आकडा पाहून दचकतो. शेजाऱ्याचाही आकडा वाढलेला असतो. दोघे बोलतात, दहाजण जमतात, निवेदन तयार होते, मुख्याधिकाऱ्यांची भेट ठरते. संघटना उभी राहते.

यात गैर काहीच नाही. कर भरणाऱ्याने हिशेब मागितलाच पाहिजे. महात्मा फुले १८७६ पासून पुणे नगरपालिकेत सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतावर नगरपालिकेने करायच्या खर्चाला त्यांनी विरोध केला होता. करदात्यांचा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, हे त्यांचे म्हणणे होते. पण जोतिरावांच्या मनातला करदाता कोण होता? बंगलेवाला नव्हे, घामातून कर भरणारा गरीब. ज्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, ते मालक होते. पण मालकीच्या आड कुणाला तहानलेले ठेवायचे नाही, हे त्यांना कळत होते.

मालकीच्या नावाने संघटित झालेले लोक काय करू शकतात, हे महाडने दाखवून दिले आहे. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये स्पृश्य मंडळी कोर्टात गेली. त्यांचा दावा काय होता? तळे सार्वजनिक नसून आमच्या खासगी मालकीचे आहे! धर्माची भाषा कोर्टात चालणार नाही हे ओळखून ते मालमत्तेची भाषा बोलू लागले. नऊ वर्षांहून अधिक काळ खटला चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: तळे नगरपालिकेचे आहे, आणि अस्पृश्यांना दूर ठेवणारी अनादी काळापासूनची रूढी सिद्ध झालेली नाही. नगरपालिकेची मालमत्ता म्हणजे तिथल्या वजनदार मालकांची मालमत्ता नव्हे, हा त्या निकालाचा धडा आहे.

मताधिकाराचा इतिहासही हेच सांगतो. इंग्रजी अमलात नगरपालिकेचे मत कराशी आणि मालमत्तेशी बांधलेले होते. ज्याच्याकडे काही नाही त्याला मत नाही, आणि ज्याला मत नाही त्याच्याकडे काही येणार नाही, असा तो फास होता. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार मागितला. स्वतंत्र भारताच्या घटनेने तो फास तोडला. आता तोच फास मागच्या दाराने येऊ द्यायचा काय? मत सर्वांना, पण बोलणी फक्त मालमत्ताधारकांशी, ही कुठली लोकशाही?

मलकापूरचे पाण्याचे मीटरच पाहा. नळजोडणी मालकाच्या नावावर असते, पण मीटर फिरतो तो खोलीतल्या भाडेकरूच्या घागरीनेही. घरपट्टी मालक भरतो, पण त्यातला बराच भाग भाड्यातून वसूल होतो. रुग्णालयात झाडू मारणारी मावशी, महामार्गावरच्या हॉटेलातला वेटर, चार मित्रांसोबत एका खोलीत राहून शिकणारा खेड्यातला पोरगा, हे सारे नगरपरिषदेची तिजोरी भरतात. मात्र पावती त्यांच्या नावाने फाटत नाही. पावती नाही म्हणून निवेदनावर सही नाही, आणि सही नाही म्हणून त्यांच्या गल्लीतल्या गटाराचा विषय निवेदनात नाही.

आमच्या वस्त्यांचे दुखणे याहून जुने आहे. १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले. जमिनी परत मिळाल्या त्या नवीन शर्तीच्या बेडीसह. कुणाचे घर गावठाणात आहे पण आजोबांच्याच नावावर, कुणाचे गायरानात. गाव वाढले, जमिनीला भाव आला, तेव्हा कालचे दुर्लक्षित घर आज ‘अतिक्रमण’ ठरते. संघटित मालमत्ताधारकांच्या निवेदनात ‘शहर स्वच्छ व सुंदर करा, अतिक्रमणे हटवा’ अशी ओळ आली, तर ती कुणाच्या पत्र्यावर पडेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि आपल्याच माणसांना एक प्रश्न विचारायचा आहे. आपल्यातला जो शिकला, नोकरीला लागला, ज्याने कर्ज काढून फ्लॅट घेतला, तो आता मालमत्ताधारक आहे. आनंद आहे. पण सोसायटीच्या सभेत पार्किंगवर तासभर बोलणारा हा आमचा बांधव खालच्या वस्तीतल्या नळकोंडाळ्यावर एक वाक्य तरी बोलतो काय? बाबासाहेबांनी त्याला दिलेला आवाज फक्त स्वतःच्या घरपट्टीपुरता होता काय?

म्हणून आमचे म्हणणे असे नाही की अशा संघटनांपासून दूर राहा. उलट आत शिरा. आपल्या घराची नोंद कर आकारणीच्या यादीत आहे का, कुणाच्या नावाने आहे, ते तपासा. वारसाची नोंद राहिली असेल तर करून घ्या. मात्र कराची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हे विसरू नका. जमिनीचे कागद वेगळे करावे लागतात. हरकतीची मुदत चुकवू नका आणि दिलेल्या अर्जाची पोच घ्या. २००५ च्या माहिती अधिकाराखाली नगरपरिषदेचे अंदाजपत्रक मागा आणि वस्ती सुधारणेचा पैसा कुठे गेला ते विचारा. संघटनेत आग्रह धरा की सभासदत्व रहिवाशाला मिळावे, केवळ मालकाला नव्हे. भाडेकरूची सही मालकाच्या सहीइतकीच मोलाची मानावी. आणि नगरपरिषदेकडे मागणी करा की प्रभागाप्रभागात वर्षातून निदान दोनदा उघडी सभा घ्या. तशी सभा घ्यायला कुठला कायदा आड येतो?

जे नगर चोवीस तास पाणी देऊ शकते, ते आपल्या नागरिकांना वर्षातून दोन तास कान देऊ शकत नाही, हे आम्हाला पटत नाही. घरे मोजून कर लावता येतो. लोकशाही चालवायची तर माणसेच मोजावी लागतात.

जय भीम!