'सुतकी' : अर्थ आणि उपयोग

कोणी तोंड पाडून बसला कीं आमच्या मुळशीकडे लगेच विचारतात, "असा सुतकी चेहरा करून कां बसलास?" शब्द सर्वांच्या तोंडीं आहे, परंतु त्याचा मूळ अर्थ व त्याची मर्यादा यांकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं.

संस्कृतांतील 'सूतक' हा शब्द प्रसूतिवाचक धातूपासून निघाला. जन्म व जन्मानिमित्त पाळावयाचें अशौच हा त्याचा मूळ अर्थ. पुढें तो मृत्यूच्या अशौचासही लावण्यांत आला. मराठीनें या दोहोंची वांटणी केली : जन्माचें तें सोयेर, मृत्यूचें तें सुतक. 'सोयरसुतक नसणें' या वाक्प्रचारांत दोन्ही एकत्र नांदतात. सुतकांत असलेला तो सुतकी, हा वाच्यार्थ. घरांत मृत्यु घडल्यासारखी ज्याची मुद्रा तो सुतकी, हा लक्ष्यार्थ.

याच्या जवळचे शब्द ताडून पाहावे. घुमा मनांतलें बोलत नाहीं. तो दुःखी असेलच असें नाहीं. कुढा आंतल्या आंत झुरतो. 'उदास' हा शब्द संतवाङ्मयांत विरक्त या अर्थानेंही येतो. हे तिन्ही शब्द थोडेंफार अंतरंग सांगतात. 'सुतकी' मात्र केवळ बाहेरून दिसणारी कळा सांगतो. म्हणून 'सुतकी चेहरा', 'सुतकी वातावरण' हे प्रयोग यथार्थ होत; 'तो मनुष्यच सुतकी' असें म्हणणें म्हणजे चेहऱ्यावरून स्वभावाचा निकाल देणें होय.

शिवाय सुतकास मुदत असते. जवळच्या भाऊबंदांस तें सामान्यतः दहा दिवस असतें, मग फिटतें. घरांत चूल पेटलेली नसते, म्हणून शेजारी पिठलें-भात आणून देतात. चार माणसें समाचारास येतात. ज्यास आपण सुतकी म्हणून हिणवतों, त्याच्या वांट्यास ना मुदत येते, ना समाचार.

आजचें वैद्यकशास्त्र सांगतें कीं, खिन्नता, कशांतही गोडी न वाटणें, झोंप व भूक बिघडणें हीं लक्षणें दोन आठवडे जवळजवळ रोज टिकलीं तर तो नैराश्याचा विकार असूं शकतो, आणि उपचारानें व समुपदेशनानें तो बरा होऊं शकतो. तेव्हां घरांतील मुलास वा सुनेस हें विशेषण लावण्यापूर्वीं दिवस मोजावे, जवळ बसून विचारपूस करावी आणि जरूर तर डॉक्टरांकडे न्यावें. थट्टेंत हा शब्द खुशाल वापरावा. परंतु ज्याला त्या थट्टेवर हंसूं येत नाहीं, त्याला उद्देशून वापरूं नये.