पुसले गेलेले दप्तर : फॉरमॅट झालेल्या हार्ड डिस्कमधून माहिती परत कशी मिळते

निवासी शाळेचे दप्तर म्हणजे केवळ कागदांचे गाठोडे नव्हे. जनरल रजिस्टरमधील एका ओळीवर एखाद्या कुटुंबाच्या पुढील दोन पिढ्यांचे शिक्षण आणि नोकरी अवलंबून असू शकते. जात वैधता प्रमाणपत्रासाठी अनुसूचित जातीच्या अर्जदारास १० ऑगस्ट १९५०, तर अनुसूचित जमातीच्या अर्जदारास ६ सप्टेंबर १९५० या दिनांकापूर्वीचा पुरावा विचारला जातो. अकोले तालुक्यातील बौद्ध, महादेव कोळी, ठाकर अशा कितीतरी घरांत आजोबा-पणजोबांच्या नावाची लेखी खूण म्हणून शाळेच्या नोंदीखेरीज फारसे काही सापडत नाही. दप्तर हरवले, तर त्याची झळ शाळेपेक्षा त्या घराला अधिक बसते.

गेल्या दोन-अडीच दशकांत हे दप्तर हळूहळू संगणकात गेले. निकालपत्रके, शिष्यवृत्तीच्या याद्या, वसतिगृहाची हजेरी, स्नेहसंमेलनांची छायाचित्रे, एवढेच काय, जुन्या अंकांची जुळणीही आज हार्ड डिस्कवर असते. आणि मग एके दिवशी संगणक मंद चालतो म्हणून कोणीतरी तो फॉरमॅट करून त्यात विंडोज नव्याने टाकतो. संगणक वेगाने चालू लागतो, पण आत काहीच उरलेले नसते. असा प्रसंग शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायती, छायाचित्रकारांची दुकाने अशा अनेक ठिकाणी ओढवत असतो. त्या वेळी काय करावे आणि विशेषतः काय करू नये, हे आमच्या माजी विद्यार्थ्यांना व पालकांना समजावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

फॉरमॅट केल्याने नेमके काय पुसले जाते?

आपल्या वसतिगृहाचेच उदाहरण घेऊ. कोणता विद्यार्थी कोणत्या खोलीत राहतो याची यादी कार्यालयाबाहेरील फलकावर लावलेली असते. समजा, कोणी ती यादी फाडून तेथे कोरा कागद लावला. फलक पाहणाऱ्यास सर्व खोल्या रिकाम्या वाटतील, पण मुले आपापल्या खोल्यांतच असतील. पुढे नवे अधीक्षक त्या कोऱ्या यादीवर विसंबून नव्या विद्यार्थ्यांना खोल्या देऊ लागले, तर मात्र जुन्यांना खरोखरच बाहेर पडावे लागेल.

हार्ड डिस्कची रचना अशीच असते. तिच्या चुंबकीय तबकड्यांवर माहिती छोट्या-छोट्या कप्प्यांत लिहिलेली असते. विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीत असा एक कप्पा बहुधा ४ किलोबाइटचा असतो. कोणत्या फाइलचे कोणते तुकडे कोणत्या कप्प्यांत आहेत, याची सूची डिस्कवरच वेगळी ठेवलेली असते. आपण एखादी फाइल कायमची काढून टाकतो तेव्हा सूचीतील तिच्या नोंदीवर 'ही जागा मोकळी' अशी खूण होते. 'क्विक फॉरमॅट' केल्यावर जुन्या सूचीच्या जागी नवी, कोरी सूची येते. दोन्ही वेळा मूळ मजकूर कप्प्यांत तसाच पडून असतो.

'फुल फॉरमॅट'ची गोष्ट निराळी आहे. विंडोज एक्सपीपर्यंत त्यात डिस्कचा प्रत्येक कप्पा केवळ वाचून तपासला जाई. विंडोज व्हिस्टापासून मात्र प्रत्येक कप्प्यात शून्ये लिहिली जातात. म्हणजे यादीही गेली आणि खोल्याही रिकाम्या झाल्या. अशा डिस्कमधून काही परत मिळण्याची आशा ठेवू नये. सुदैवाने फुल फॉरमॅटला फार वेळ लागत असल्यामुळे घाईने काम करणारे बहुधा क्विक फॉरमॅटच करतात.

पहिला उपाय : थांबणे

हरवलेल्या माहितीचा खरा शत्रू फॉरमॅट नसून त्यानंतर होणारे नवे लेखन हा आहे. विंडोज नव्याने टाकताना कित्येक गिगाबाइट मजकूर डिस्कवर लिहिला जातो. तो ज्या कप्प्यांवर पडला, तेथील जुने कायमचे गेले. त्यानंतरही संगणक नुसता चालू ठेवला, तरी विंडोज पडद्यामागे सतत काही ना काही लिहीत असते. म्हणून माहिती गेल्याचे लक्षात येताच संगणक बंद करावा. 'एकदा उघडून पाहू' हा मोह टाळावा. माहिती परत मिळवून देणारे सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवून घेणे हा तर सर्वांत घातक उपाय होय, कारण ज्या वस्तूचा शोध घ्यायचा, तिच्यावरच आपण पाय देऊन उभे राहतो.

यानंतरचा क्रम असा ठेवावा. डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडावी. तिची कप्प्यागणिक हुबेहूब प्रत दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्यावी आणि मूळ डिस्क बाजूला ठेवून द्यावी. पुढील सर्व शोध या प्रतीवर घ्यावा, म्हणजे एक प्रयत्न फसला तरी दुसऱ्यास वाव राहतो. सापडलेल्या फाइली तिसऱ्याच जागी साठवाव्यात. 'टेस्टडिस्क' व 'फोटोरेक' ही दोन साधने विनामूल्य मिळतात आणि जगभर वापरली जातात. पहिले साधन हरवलेली विभागणी व सूची पुन्हा उभी करण्याचा प्रयत्न करते, तर दुसरे सूचीकडे न पाहता थेट कप्पे तपासते. डिस्कमधून टकटक वा खरखर असा आवाज येत असेल, तर मात्र बिघाड यंत्राचा आहे. तेथे कोणतेही सॉफ्टवेअर उपयोगी नाही. वीज तोडून ती डिस्क धूळमुक्त कक्ष असलेल्या प्रयोगशाळेकडेच सोपवावी.

नाव हरवलेली पाने

सूची नसताना फाइल ओळखायची कशी? प्रत्येक प्रकारच्या फाइलच्या आरंभी ठरावीक खूण असते. जेपेग छायाचित्राच्या सुरुवातीचे तीन बाइट नेहमी सारखेच असतात, पीडीएफच्या आरंभी तिचे नावच लिहिलेले असते. शोध घेणारे साधन लाखो कप्प्यांतून या खुणा हुडकते आणि तेथून पुढचा मजकूर उचलते. अशा रीतीने छायाचित्र परत मिळते, पण त्याचे नाव आणि कोणत्या फोल्डरमध्ये होते ही माहिती बहुधा मिळत नाही. फाइलचे तुकडे दूरदूरच्या कप्प्यांत विखुरलेले असतील, तर अर्धे छायाचित्र नीट आणि अर्धे करडे असेही हाती येते. 'वर्धापनदिन' असे नाव दिलेल्या फोल्डरऐवजी आकडी नावांच्या हजारो फाइली समोर येतात आणि त्यांतून ओळख पटवण्याचे काम माणसालाच करावे लागते.

या कामाचे स्वरूप आपल्या समाजास परके नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हा त्यांचे विपुल लेखन अप्रकाशित होते. ही हस्तलिखिते पेट्यांत बंद होऊन वर्षानुवर्षे शासकीय ताब्यात राहिली. पुढे महाराष्ट्र शासनाने ती प्रकाशित करण्याचे काम हाती घेतले आणि १४ एप्रिल १९७९ रोजी पहिला खंड प्रसिद्ध झाला. संपादक वसंत मून व त्यांच्या सहकाऱ्यांपुढे अपुरी प्रकरणे, गहाळ पाने आणि शीर्षक नसलेले मजकूर होते. त्यांतून कोणते पान कोणत्या ग्रंथाचे, हे ठरवावे लागले. १९८७ च्या तिसऱ्या खंडातील प्राचीन भारतातील क्रांती व प्रतिक्रांतीविषयीचे लेखन आज आपण अपूर्ण स्थितीतच वाचतो. तरीही ते वाचतो, हे महत्त्वाचे. परत मिळालेली वस्तू अपुरी आहे म्हणून ती टाकून द्यायची नसते.

मराठी फाइलींची विशेष अडचण

मराठी दप्तराच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचा आपला बहुतेक मजकूर श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फाँटांत टंकलेला आहे. त्या पद्धतीत फाइलमध्ये रोमन अक्षरांचे संकेत साठवले जात आणि विशिष्ट फाँट त्यांवर देवनागरीचा वेष चढवी. फॉरमॅटबरोबर तो फाँटही गेला, तर सुखरूप परत मिळालेली फाइल उघडल्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसते आणि 'फाइल खराब झाली' असे समजून लोक ती पुसून टाकतात. वस्तुतः मजकूर शाबूत असतो, हरवलेली असते ती वाचण्याची किल्ली. सम्राट अशोकाचे शिलालेख शतकानुशतके लोकांच्या डोळ्यांसमोर होते, पण १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडेपर्यंत त्यांतील धम्माचा संदेश कोणास वाचता येत नव्हता. म्हणून अशी फाइल पुसू नये. मूळ फाँट मिळवावा, मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा आणि जुनी फाइलही जपून ठेवावी.

जेथे उपाय चालत नाही

आतापर्यंतचे विवेचन तबकडीच्या हार्ड डिस्कविषयी झाले. अलीकडच्या संगणकांत एसएसडी असते. तीत फिरणारे भाग नसतात आणि 'ट्रिम' नावाची व्यवस्था असते. जागा मोकळी झाल्याची खबर संगणकाकडून मिळताच एसएसडी ते कप्पे स्वतःहून रिकामे करू लागते. आपल्या उदाहरणात सांगायचे तर यादी फाटताच खोल्याही झाडून घेतल्या जातात. त्यामुळे एसएसडी फॉरमॅट झाल्यावर माहिती परत मिळण्याची शक्यता फार थोडी उरते. डिस्क सांकेतिक कुलपात असेल, तर किल्लीवाचून हाती आलेला मजकूरही व्यर्थ ठरतो. यंत्रे जसजशी वेगवान होत आहेत, तसतशी विस्मृतीही पक्की होत आहे. पुढील काळात माहिती परत मिळवण्यापेक्षा ती आधीच जपण्यावर भर द्यावा लागेल.

एकाहून अधिक घरे

जुलै २००६ मध्ये अमेरिकेतील अलास्का राज्याच्या महसूल विभागात एका तंत्रज्ञाच्या हातून नागरिकांच्या लाभांश-अर्जांची डिस्क फॉरमॅट झाली. पाठोपाठ राखीव प्रतीची डिस्कही फॉरमॅट झाली आणि तिसऱ्या आधाराच्या चुंबकीय फिती वाचता येईनात. सुमारे ८ लाख प्रतिमा गेल्या. अखेर उपयोगी पडली ती सुमारे ३०० खोकी भरून ठेवलेली कागदपत्रे. कर्मचाऱ्यांनी जादा वेळ बसून ती पुन्हा स्कॅन केली. प्रती अनेक होत्या, पण त्या चालतात की नाही हे कोणी तपासले नव्हते, हाच त्यातील बोध.

जाणकारांचा नियम सोपा आहे : प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक वेगळ्या ठिकाणी. हा विचार आपल्या तालुक्याला नवा नाही. कोंभाळणे येथील पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी गावोगावच्या घरांत उरलेले वाल, भात, भाज्या यांचे गावरान वाण गोळा केले. पण ते केवळ मडक्यांत बंद करून ठेवले नाहीत, तर शेतकऱ्यांना वाटले. एका शेतातील पीक गेले, तरी दुसऱ्याच्या घरी ते बी असते, आणि दरवर्षी पेरले जात असल्याने ते उगवते की नाही याची परीक्षाही होते. बौद्ध वाङ्मयाचेही असेच झाले. धर्मकीर्तींच्या 'प्रमाणवार्तिका'चा मूळ संस्कृत पाठ भारतातून लुप्त झाला होता. १९३० च्या दशकात राहुल सांकृत्यायन यांना त्याची हस्तलिखिते तिबेटातील विहारांत सापडली. कोणे एके काळी कोणीतरी प्रत करून दूर नेली होती, म्हणून ती उरली.

आमच्या परिसरात पावसाळ्यात वीज वारंवार जाते आणि दमट हवेने यंत्रेही लवकर कुरकुरतात. म्हणून शाळांनी दरवर्षी निकालानंतर दप्तराची एक प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी, दुसरी ऑनलाइन ठेवावी, ती उघडून तपासावी आणि जनरल रजिस्टरची छापील पाने कधीही रद्दीत घालू नयेत. संगणक दुरुस्तीस देण्यापूर्वी 'आतील माहितीची प्रत घेतली आहे काय?' हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर नावानिशी सोपवावी.

भगवान बुद्धांनी सर्व संस्कार अनित्य असल्याचे सांगितले आणि त्याच अंतिम उपदेशात अप्रमादाने वागण्यास सांगितले. वस्तू नाशवंत आहे म्हणूनच सावधपणे जपायची असते. या स्मरणिकेच्या वाचकांना आमची विनंती आहे : आपल्या घरी जुनी सीडी, पेनड्राइव्ह, बंद पडलेला संगणक किंवा शाळेतील दिवसांची छायाचित्रे असतील, तर ती भंगारात देऊ नका, स्वतः उघडून पाहण्याची घाईही करू नका. कार्यालयात आणून द्या. त्यांची प्रत घेऊन मूळ वस्तू आपणास परत करू. छायाचित्रातील मुलांची नावे आठवत असतील, तर तीही सोबत लिहून द्यावीत, कारण ती कोणत्याही यंत्रातून परत मिळत नाहीत.