सहा महिन्यांच्या बाळासाठी जागा

वाशिम जिल्ह्यात गावोगाव अंगणवाडी आहे, म्हणून बाळाला दिवसभर ठेवायचा प्रश्न मिटला असं वाटतं. तो मिटलेला नाही. अंगणवाडीत बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं, तीही काही तास. त्याहून लहान बाळाला घरी न्यायचा आहार मिळतो, त्याचं वजन होतं. पण आई सोयाबीन सोंगायला वावरात गेली की दिवसभर त्याला पाहणारं तिथे कुणी नसतं. मग ते आजीपाशी राहतं, नाहीतर शाळा बुडवलेल्या ताईच्या कडेवर. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली ती यासाठीच. धाकट्याची सोय झाल्याशिवाय थोरली वर्गात येत नाही.

या गरजेसाठी 2022 पासून मिशन शक्तीखाली केंद्राची ‘पाळणा’ योजना आहे. सहा महिने ते सहा वर्षांची जास्तीत जास्त 25 मुलं, दिवसाला साडेसात तास, महिन्याला 26 दिवस. झोपायची सोय, खाणं, वाढीची नोंद, सांभाळायला सेविका आणि मदतनीस. आईने नोकरी करायलाच हवी, अशी अट नाही. मजूर बाईचं बाळही तितक्याच हक्काचं. काही अंगणवाड्यांनाच जोडून अशी पाळणाघरं मंजूर होतात. आपल्या भागात आहे का, हे आधी अंगणवाडी सेविकेला विचारा, मग पर्यवेक्षिकेला, मग तालुक्याच्या बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांना. रिसोड असो की मानोरा, वाट हीच. आणि बाळंतपणाआधीच विचारा. रजा संपताना विचारलं तर हाती वेळ उरत नाही.

नोकरदार आईला प्रसूती लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची भरपगारी रजा दिली. म्हणजे साधारण सहा महिने, ‘पाळणा’त घेण्याचं वयही तेच. 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायचं, हेही त्याच दुरुस्तीने आणलं. रोजंदारीवर निंदायला जाणाऱ्या बाईला यातलं काहीच मिळत नाही. तिच्यासाठी पाळणाघर आधी व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

वाशिम-कारंज्यासारख्या शहरात घरगुती पाळणाघर शोधत असाल तर भिंतीवरचा शॉप अ‍ॅक्टचा कागद पाहून निश्चिंत होऊ नका. ती व्यवसायाची नोंद आहे; बाळ तिथे सुरक्षित आहे, असं ती सांगत नाही. न कळवता, भर दुपारी जा. एका बाईकडे किती तान्ही मुलं आहेत, ती उताणी झोपवतात का, पाण्याची टाकी झाकलेली आहे का, गॅस मुलांच्या हाताबाहेर आहे का, हे पाहा. काढून ठेवलेलं दूध कुठे ठेवतात ते विचारा. इथल्या एप्रिल-मेच्या उन्हात ते फ्रिजबाहेर टिकत नाही. आईवडिलांखेरीज कुणाच्या हाती बाळ देणार, हे लिहून घेतात का? घेत नसतील तर मी तिथे बाळ ठेवणार नाही.

गावात काहीच नसेल तर सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांची वयांसह यादी करा, ग्रामसभेत पाळणाघराच्या मागणीचा ठराव घ्या आणि यादी व ठराव जोडून बाल विकास प्रकल्प कार्यालयात अर्ज द्या. मंजुरीला वेळ लागतो. प्रस्ताव राज्यामार्फत केंद्राकडे जातो. म्हणून अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून पोच घ्या.