पोटातली प्रत्येक कळ गॅसची नसते

पोटात दुखायला लागलं की आपला हात आधी ओव्याच्या डबीकडे जातो. बहुतेक वेळा तेवढ्याने बरंही वाटतं. पण कळ एकाएकी आली आणि पहिल्या मिनिटापासूनच असह्य असली, तर पोटातली धमनी आतून चिरलेली असू शकते.

नेमकं काय होतं?

पर्सचं अस्तर उसवलं की नाणी आत सरकतात ना, तसंच धमनीचा आतला थर चिरला की रक्त भिंतीच्या थरांमध्ये शिरतं. याला डिसेक्शन म्हणतात. त्यामुळे रक्ताची खरी वाट अरुंद होते आणि पुढच्या अवयवांना रक्त कमी पडतं.

चीर कुठे, त्यावर उपचार

हृदयातून निघालेली महाधमनी छातीतून पोटात उतरते. हृदयालगतचा भाग चिरला तर ‘टाइप ए’. यात सहसा तातडीने ऑपरेशन करतात. तो भाग शाबूत असून पुढचा चिरला तर ‘टाइप बी’. यात आधी औषधांनी रक्तदाब आणि नाडीचा वेग कमी करतात. अवयवांचं रक्त तुटलं किंवा धमनी फुटायची भीती असली, तर जांघेतून स्टेंट ग्राफ्ट बसवतात.

कधी फक्त आतड्याची धमनी चिरते. चिरेत शिरलेलं रक्त पुढे मुख्य वाटेला मिळतंय, तिथेच गोठलंय, की धमनीच बंद झालीय, यावरून प्रकार ठरतो. रक्त वाहतं असेल तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. काही दिवस खाणं बंद, सलाइन, वेदनाशामक, रक्तदाबावर लक्ष आणि पुन्हा स्कॅन. दुखणं थांबलं नाही तर स्टेंट. आतडं निकामी होऊ लागलं, तर मात्र पोट उघडावंच लागतं. तिथे एकेक तास मोलाचा असतो.

तज्ज्ञही चकतात

या आजाराची शस्त्रक्रिया विकसित करणारे अमेरिकेतले डॉ. मायकेल डिबेकी यांना २००५ मध्ये, ९७व्या वर्षी, हाच आजार छातीत झाला. आधी त्यांनाही तो हार्ट अटॅक वाटला! पुढे ऑपरेशन होऊन ते बरे झाले.

लक्षात ठेवा

• कळ पाठीकडे जात असेल, सोबत घाम किंवा चक्कर असेल तर थांबू नका.
• बीपी, सिगारेट किंवा घरात कुणाला असा आजार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.
• साध्या सोनोग्राफीत चीर निसटू शकते. सीटी अँजिओग्राफी लागेल का, हे विचारा.
• मनाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नका.

अशा वेळी ओव्याची डबी बाजूला ठेवा आणि थेट हॉस्पिटल गाठा.