गाणं चालू ठेवून मोजा

आमच्या जुन्नर तालुक्यात रात्री पिकाला पाणी द्यायला जायचं म्हणजे बिबट्याचा विचार करावाच लागतो. हातात बॅटरी आणि काठी ठेवा, मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावा, असं वन विभाग सांगत असतो. उसाच्या कडेला मोबाइलचा आवाज पुरत नाही, म्हणून निमगाव सावा इथं माझ्या ओळखीचे काही जण घरी जोडलेला ब्लूटूथ स्पीकर सोबत नेतात. आवाज वाढवला की तो बंद पडतो आणि क्षणभरानं पुन्हा सुरू होतो, ही त्यांची नेहमीची तक्रार. दोष ब्लूटूथला दिला जातो, पण बहुतेक वेळा वीजच तिथवर पुरेशी पोचत नसते.

शेतकऱ्याला हे ओळखीचं आहे. विहिरीवरची मोटर डीपीपासून लांब आणि केबल बारीक असेल, तर मोटर बंद असताना मीटर बरोबर व्होल्टेज दाखवतो. ती सुरू करताच व्होल्टेज पडतं आणि मोटर नुसती गुरगुरते. स्पीकरमध्येही तसंच घडतं.

यात साधारण चार टप्पे असतात: लिथियमचा सेल, चार्जिंगचा बोर्ड, व्होल्टेज ५ पर्यंत चढवणारा बोर्ड आणि ॲम्प्लिफायर. ३ वॅटचे दोन स्पीकर पूर्ण आवाजात वाजले, तर मधली गळती धरून सेलमधून सुमारे ८ वॅट ओढले जातात. सेल ३.७ व्होल्टचा, म्हणजे करंट २ अँपिअरच्या वर. थकलेला सेल, बारीक वायर आणि कच्चा डाग मिळून पाव ओहम रोध झाला, तरी वाटेत अर्धा व्होल्ट जातो. मग चढवणारा बोर्ड ५ व्होल्ट टिकवण्यासाठी आणखी करंट ओढतो आणि सेलचं व्होल्टेज आणखी पडतं. शेवटी ब्लूटूथ बंद होऊन पुन्हा सुरू होतं.

म्हणून मल्टिमीटर लावायचा तो गाणं जोरात चालू ठेवूनच. ढोलाच्या ठोक्याला पडणारा खड्डा मीटर पकडत नाही, तेव्हा एकसारखा जाड सूर वाजवा. सेलच्या टोकांपासून सुरुवात करून पुढे जा. बंद असताना ४ व्होल्ट आणि वाजताना ३.२, तर सेल थकला आहे. सेलवर ३.९ पण चढवणाऱ्या बोर्डाच्या तोंडाशी ३.४, तर मधली वायर, डाग, स्विच किंवा चार्जिंगचा बोर्ड तपासा. वायर जाड आणि आखूड घ्या. ॲम्प्लिफायरजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, अधिक-उणे पाहून, लावला तर ठोक्यापुरता आधार मिळतो. थकलेला सेल मात्र त्यानं सुधारत नाही.

दुसरी तक्रार, चार्जिंग पूर्ण झाल्याचा दिवा लागतच नाही. टीपी ४०५६ या नेहमीच्या चार्जिंग बोर्डावर करंट ठरलेल्याच्या एक दशांशावर आला की चार्जिंग थांबतं. स्पीकर वाजत असेल, तर तोच करंट ओढत राहतो आणि बोर्डाला सेल भरल्याचं कळत नाही. चार्जिंगला लावताना स्पीकर बंद ठेवा.

आता जपण्याची गोष्ट. भंगारातल्या लॅपटॉपचे सेल स्वस्त मिळतात. चेपलेला, गंजलेला किंवा २ व्होल्टच्या खाली जाऊन पडून राहिलेला सेल चार्ज करू नका, तो पेट घेऊ शकतो. संरक्षण असलेलाच बोर्ड घ्या आणि पुढची वायर सेलला नव्हे, तर बोर्डाच्या 'आउट' टोकांना जोडा. सेलवर थेट डाग देऊ नका, होल्डर वापरा. चार्जिंग फरशीवर करा, अंथरुणावर किंवा कडब्याजवळ नको.

दुरुस्तीनंतर स्पीकर घरीच अर्धा तास पूर्ण आवाजात वाजवून पाहा आणि मगच शेतावर न्या. तो नीट वाजला, तरी रात्री एकट्यानं जाऊ नका.